अजून चांगला आहे की!

मराठी मध्यमवर्गीय घरात चांगली वस्तू टाकणं हा गुन्हा आहे. टूथपेस्टची ट्यूब लाटण्याखालून गेल्याशिवाय कचऱ्यात जात नाही. बनियनचं फडकं होतं, फडक्याचं पायपुसणं होतं, आणि श्रीखंडाचे डबे तर आपल्यामागेही राहणार आहेत. अशा घरात वाढलेल्या माणसाला गाडीचं मॅन्युअल सांगतं, की इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं झाली की टायमिंग बेल्ट बदला. तुटला तर, झिजला तर, अशी काही अट नाही. मुकाट्याने बदला.

आमची जुनी मारुती ८०० या वयाला पोचली तेव्हा मी नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमध्येच हे काम काढलं. रविवारी बॉनेट उघडं दिसलं की माणसं आपोआप जमतात. ‘गॅरेजवाले संपावर आहेत का?’ इथपासून ‘एवढं सगळं काढायलाच हवं होतं का?’ इथपर्यंत चौकशी झाली. एक निवृत्त काका खुर्चीच घेऊन आले. बोलले काहीच नाहीत; फक्त अधूनमधून मान हलवायचे. सल्ल्यापेक्षा ते जास्त जड जात होतं.

काम तसं सरळ आहे, फक्त अडचणीच्या जागेत आहे. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट आणि वर कॅमशाफ्ट. खालचा दोनदा फिरला की वरचा एकदा फिरायचा, आणि हा हिशेब सांभाळतो दातेरी रबरी पट्टा, म्हणजेच टायमिंग बेल्ट. खालच्याला जोडलेला पिस्टन वरखाली होतो, वरच्याच्या इशाऱ्यावर व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. कित्येक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची जागा एकच, वेळ तेवढी वेगळी, सकाळच्या बाथरूमसारखी. पट्टा तुटला की दोघं एकदमच आत. मग व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि बिल बघून मालकही वाकतो.

पूर्वी या जागी तेलात भिजलेली साखळी असायची. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास नावाच्या छोट्या कंपनीने आपल्या १००४ या गाडीत रबरी दातेरी पट्टा आणला. हलका, स्वस्त, आवाज नाही, तेल नको. या ‘आवाज नाही’मध्येच सगळी गोम आहे. गाडीचे बाकीचे भाग रीतसर कुरकुरतात. ब्रेक किंचाळतात, फॅन बेल्ट शिट्टी मारतो, सायलेन्सर तर सगळ्या सोसायटीला उठवतो. टायमिंग बेल्ट झाकणाआड बसून निमूट राबतो आणि बहुतेक वेळा एक दिवस न सांगताच जातो.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्याला माझा नमस्कार), पुढचं चाक काढलं, अल्टरनेटरचा पट्टा, खालची पुली आणि झाकण उतरवलं. खरी मजा त्यानंतर. दोन्ही शाफ्टच्या चक्रांवर खुणा असतात, त्या आपापल्या ठिकाणी आणून ठेवायच्या. मग पट्टा ताणून धरणारा टेन्शनर ढिला करून जुना पट्टा काढायचा आणि नवा चढवायचा. नवा पट्टा कडक असतो. शेवटचा दाता बसवताना वरचं चक्र केसभर सरकतं आणि आपला श्वास अडकतो. ताण दिला, की चावीला हात न लावता रॅचेटने इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. मध्ये कुठे कडक लागलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा समोरासमोर आल्या, तर काम झालं. आल्या. काकांनी पहिल्यांदा मान उभी हलवली आणि खुर्ची उचलली.

जुना पट्टा घेऊन वर घरी गेलो. आमच्या आप्पांनी तो चष्मा लावून पाहिला, ताणला, वाकवला. ना चीर, ना तुटलेला दाता. ‘अजून चांगला आहे की!’ दिसत होता खरा. पण रबराच्या आतले तंतू थकलेत की नाही, हे चष्म्यातून कळत नाही. आप्पांना हे पटलं नाही. पट्टा सध्या माळ्यावर आहे, ‘कशाला तरी लागेल’ या खात्यात.

खरं तर मोडण्याआधीच बदलण्याचा हा व्यवहार पनवेलला नवा नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि देशावरच्या बैलगाड्या इथे उतरू लागल्या. गाड्यांची चाकं बनवणं हा पनवेलचा मोठा धंदा होता, आणि देशावरून आलेला गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जायचा, असं इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर सांगतं. त्यातल्या प्रत्येकाचं जुनं चाक मोडलेलंच होतं, असं मला वाटत नाही. घाट चढायचाय, एवढं कारण त्यांना पुरत असावं. आता कळंबोलीहून निघालेला माणूस एक्स्प्रेसवेवर त्याच घाटाकडे सुसाट जातो आणि पट्ट्याची आठवण त्याला चढावर होते.

तेव्हा वाचकहो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम नंतर बघा. आधी विचारा, हिला बेल्ट आहे की चेन. बेल्ट असेल तर तो बदलल्याचं बिल मागा, त्यावरची तारीख आणि किलोमीटर वाचा. बिल नसेल तर नव्या बेल्टचा आणि टेन्शनरचा खर्च किमतीतून वजा करा, आणि घाटात जाण्याआधी दोन्ही बदलून घ्या.