लाईनबाईंस अनावृत पत्र

श्रीमती लाईनबाई,
मु. पो. सर्वत्र, तालुका पनवेल, यांस
सा. न. वि. वि.

मायन्यापाशीच लेखणी अडखळली. आपणांस सौभाग्यवती म्हणावे, तर आपला संसार एका घरी नाही. कुमारी म्हणावे, तर वय लपत नाही. आणि मडमसाहेब म्हणून दूर ठेवावे, तर लाईनीत, लाईनीला, लाईनीवरून असे मराठी प्रत्ययांचे दागिने अंगावर घालून आपण इतकी वर्षे या मुलखात वावरत आहात, की आपणांस परकी ठरविण्याची सोय उरलेली नाही. तेव्हा मायन्याचा वाद तसाच सोडून थेट फिर्याद गुदरतो.

गेल्या पंधरवड्यात एका दाखल्याच्या निमित्ताने आमच्या गावातील एका कचेरीत जाणे झाले. कचेरीचे नाव घेत नाही, कारण अर्ज अद्याप तेथेच पडून आहे. दारातील शिपायाने ‘लाईनीत उभे राहा’ असे फर्माविले, ते मी शिरसावंद्य मानले. यथावकाश खिडकीपाशी पोहोचलो, तेव्हा ‘ही तुमची लाईन नव्हे, पलीकडची’ असा निवाडा मिळाला. आणि पलीकडच्या खिडकीपुढे पुन्हा तपश्चर्या करून वर पाहिले, तो कारकून शांतपणे म्हणाले, ‘लाईन नाही.’ मी मागे वळून पाहिले. लाईन चांगली दारापर्यंत गेलेली होती, आणि तसे मी त्यांच्या निदर्शनासही आणले. त्यावर ते गृहस्थ कपाळाला हात लावून म्हणाले, ‘अहो, ती लाईन नव्हे, लाईन!’

एवढ्यावर भागते, तर हे पत्र लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु याच सुमारास फाटकापाशी पान चघळीत उभे असलेले एक सद्गृहस्थ कानाशी येऊन ‘आपली वर लाईन आहे, लावून देऊ का?’ असे पुसते झाले, आणि मी नकार देताच त्यांनी दुसऱ्या एका शहाण्या इसमास आत नेले. मग चमत्कार असा घडला, की ज्याची वर लाईन होती त्याच्यासाठी खालची लाईन तत्काळ आली, आणि तो लाईनीत क्षणभरही न थांबता दाखला घडी करीत बाहेर पडला. आम्ही सारे लाईनीत होतो. फक्त आम्हांला लाईन नव्हती.

बाईसाहेब, आपले बाकीचे उद्योग मी पोटात घालीन. कॉलेजातील पोरे आपल्याला मारतात, तो त्यांच्या वयाचा दोष आहे. ‘कुठल्या लाईनला असता?’ असे विचारून लोक परस्परांचा धंदा काढून घेतात, आणि शाळामास्तर व फौजदार या दोघांनाही उनाडांस ‘लाईनीवर’ आणण्याची घाई असते, त्यास माझी हरकत नाही. आमच्या गावात तर आपल्या नावाची वस्तीच आहे. आळी म्हणजे मूळची संस्कृत आलि, अर्थात ओळ. म्हणजे ‘लाईन आळी’ म्हणणारा पनवेलकर एकच गोष्ट दोनदा उच्चारतो, आणि तरीही त्या आळीत दोन दुचाकी एका रेषेत उभ्या केलेल्या मी पाहिलेल्या नाहीत. असो.

रेल्वेच्या बाबतीत मात्र थोडा हिशेब सांगणे प्राप्त आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली, त्याच्या आदल्याच वर्षी पनवेलास नगरपालिका आलेली होती. म्हणजे आपल्यावाचून आमच्या गावाचा कारभार सुरू झालेला होता. पुढे १९१० साली कुर्ला ते रे रोड अशी निघालेली हार्बर लाईन रमतगमत, खाडी ओलांडून पनवेलास पोहोचेपर्यंत १९९८ साल उजाडले. तेव्हापासून ‘आपण कुठले?’ हा प्रश्न मागे पडून ‘कोणत्या लाईनला?’ हा प्रश्न रूढ झाला, आणि ‘हार्बर’ हे उत्तर ऐकताच मेन लाईनवाल्याच्या मुद्रेवर जी करुणेची छटा उमटते, ती सहन करण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे.

परंतु त्या दिवशी कचेरीत माझ्यापुढे एक वृद्ध बाई उभी होती. नेऱ्याच्या बाजूने एसटीने आलेली, हातात कागदांची पिशवी. ‘लाईन नाही’ म्हणजे वीज गेली, एवढाच अर्थ तिच्या गावी ठाऊक. म्हणून तिने डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिले, मग कारकुनाकडे पाहिले, पुन्हा पंख्याकडे पाहिले, आणि आपल्यालाच काही समजत नाही अशा समजुतीने कागद पिशवीत घालून ती निमूटपणे परतली. तिला कोणी ‘यंत्र बंद आहे’ असे सांगितले असते, तर केव्हा सुरू होईल हे तिने विचारले असते. ‘साहेब जागेवर नाहीत’ असे सांगितले असते, तर कुठे गेले हे विचारले असते. ‘लाईन नाही’ याला काय विचारायचे? आणि कोणाला? जाब कोणाकडे मागायचा? एका गरीब बाईचा दिवस आणि एसटीचे भाडे फुकट गेले, आणि त्या कचेरीत एकाही माणसाची मान खाली गेली नाही, कारण सगळा दोष आपल्या माथी मारून सगळे मोकळे झाले होते!

येथपर्यंत लिहिल्यावर आपली कुळकथा तपासावी म्हणून कोश उघडला, आणि राग थोडा वरमला. लॅटिन भाषेत जवसाच्या झाडास लिनुम म्हणत. त्याच्या तंतूंचा दोरा तो लिनेआ. आणि त्या दोऱ्यापासून आपला जन्म. म्हणजे जिच्या बियांची चटणी आमच्या वऱ्हाडात भाकरीबरोबर खातात, त्या वनस्पतीच्या आपण कन्या. दोऱ्यापासून चढत चढत इतक्या अर्थांची मालकीण झालेल्या स्त्रीला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांलाही फारसा नाही. आमचेही सूत्र मुळात सुताचा धागाच, आणि तो ब्रह्मसूत्रांपासून मंगळसूत्रापर्यंत, नाटकातल्या सूत्रधारापासून वृत्तपत्रांतल्या विश्वसनीय सूत्रांपर्यंत कोठकोठे राबतो आहे! आपणही तशाच राबता. आपल्या नावाने ओळखला जाणारा तो लाईनमन आषाढातल्या रात्री, गाढीचे पाणी चढत असता, ओल्या खांबावर चढून तारा जोडतो, आणि खाली अंधारात बसलेले आम्ही लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. वर्षातून एकदा, ४ मार्चला, लाईनमन दिन पाळून त्याचा सत्कार होतो. आपला तेवढाही होत नाही.

म्हणून माझी दरखास्त अगदी माफक आहे. रांग आपण घेतली, ती ठेवा. तार घेतली, तीही ठेवा. रूळ, धंदा, टेलिफोन, पोरांचे प्रेमप्रकरण, सगळे आपल्या नावे बिनशर्त बक्षीसपत्र करून देतो. फक्त वशिला परत करा. तो शब्दही परमुलखातला, फारसीच्या वाटेने आलेला. पण त्याने आपले तोंड कधी लपविले नाही. ‘वशिल्याचे तट्टू’ म्हणून कोणी बोट दाखविले, की पूर्वी मनुष्य चपापत असे, निदान चारचौघांत तरी ते नाकारीत असे. आता तोच मनुष्य ‘माझी वर लाईन आहे’ असे टपाल नाक्यावर उभा राहून मोठ्याने सांगतो, आणि ऐकणारे त्याच्याकडे आदराने पाहतात.

फाटकावरच्या त्या सद्गृहस्थास पुढील खेपेस भेटाल, तेव्हा एवढा निरोप द्यावा, की धंदा चालू ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण ‘वशिला लावून देऊ का?’ असे स्वच्छ मराठीत विचारीत चला. गिऱ्हाईक थोडे कमी होईल, असा माझा अंदाज आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक पनवेलकर अर्जदार