तुलनाकार मंडळास अनावृत पत्र

माननीय तुलनाकार मंडळ,

स. न. वि. वि.

व्हिक्टर वेम्बान्यामाची पत्रिका एकदाची जुळली, हे कळून बास्केटबॉलप्रेमींचा जीव भांड्यात पडला. जून 2023 मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच मुलाला ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी उचलले. एनबीएत त्याचा हात चेंडूला लागण्याआधीच करीम अब्दुल-जब्बार, हकीम ओलाजुवॉन, बिल रसेल या सगळ्या जुन्या दिग्गजांशी त्याचे छत्तीसच्या छत्तीस गुण जुळवून मंडळ मोकळे झाले होते.

मंडळाच्या गणिताला तोड नाही. पहिल्याच हंगामात वेम्बान्यामाचे सामन्यागणिक 3.6 ब्लॉक, लीगमध्ये सर्वाधिक. आणि बिल रसेलचे? अधिकृत दप्तरी एकही नाही, कारण एनबीएने ब्लॉक मोजायला घेतले 1973-74 मध्ये आणि रसेल 1969 मध्येच निवृत्त झाला होता. 13 हंगामांत 11 विजेतेपदे मिळवणारा हा गडी असा कोऱ्या रकान्यापुढे हरला.

विल्ट चेंबरलेनचेही तेच. 2 मार्च 1962 रोजी हर्शी गावात त्याने न्यू यॉर्क निक्सवर 100 गुण चढवले. 63 फटक्यांत 36 बास्केट, 25 रिबाउंड, शिवाय कारकिर्दीत निम्मे फ्री थ्रो वाया घालवणाऱ्या या गृहस्थाचे त्या रात्री 32 पैकी 28 आत! त्या सामन्याच्या तक्त्यात ब्लॉक नाहीत, तीन गुणांचे फटकेही नाहीत. तीन गुणांची रेषाच एनबीएत आली 1979 मध्ये. वेम्बान्यामा 2024-25 मध्ये तिच्याबाहेरून सामन्याला जवळजवळ नऊ फटके मारत होता. तेव्हा ‘चेंबरलेनला लांबून जमले नसते’ हा निष्कर्ष मंडळालाच शोभतो.

एक तक्ता मात्र मंडळाच्या अहवालात का नाही, कोण जाणे. करीम (तेव्हाचा लू अल्सिंडर) आला आणि मिलवॉकीचे हंगामातले विजय 27 वरून 56 वर गेले. डेव्हिड रॉबिन्सन आला, स्पर्स 21 वरून 56 वर. टिम डंकन आला, 20 वरून पुन्हा 56! (त्या वर्षी जायबंदी रॉबिन्सनही परतला होता, पण अशा तपशिलांनी तुलनेची मजा जाते.) वेम्बान्यामा येण्याआधी स्पर्सचे विजय 22 होते. तो आल्यावरही 22.

आणि राल्फ सॅम्पसन कुठे आहे? सात फूट चार इंच उंची, 1983 च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, पुढे गुडघ्यांनी दगा दिला. ग्रेग ओडनला पोर्टलँडने 2007 मध्ये केव्हिन ड्युरंटच्याही आधी निवडले. त्याची अख्खी एनबीए कारकीर्द 105 सामन्यांची. ज्यांचे पुढे बरे झाले, तेवढेच पूर्वज मंडळाला आठवतात. फेब्रुवारी 2025 मध्ये उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी सापडली आणि वेम्बान्यामाचा दुसरा हंगाम 46 सामन्यांवर थांबला, तेव्हा तरी ही दोन नावे निघायला हवी होती.

तरी पुढच्या यादीत सॅम्पसन आणि ओडन यांनाही बसवावे, आणि मुलाची जन्मतारीख 4 जानेवारी 2004 आहे, हे यादीच्या माथ्यावर ठळक लिहावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.