त्र्याऐंशी गुणांचा कारस्थानी

एवढे गुण मला दहावीतही पडले नव्हते. शंभरपैकी ८३!

झालं असं की, ऑफिसच्या शिबिरात आम्हाला वीस विधानांचा एक कागद वाटला. आपण किती कारस्थानी आहोत, ते आपलं आपणच मोजायचं. रिचर्ड क्रिस्टी आणि फ्लॉरेन्स गाइस या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या त्यांच्या पुस्तकात मांडलेली ही 'मॅक-४' मोजपट्टी. नाव अर्थातच मॅकियाव्हेलीवरून. विधान अजिबात पटत नसेल तर एक गुण, पुरतं पटत असेल तर पाच. साठ म्हणजे मधोमध. समोरच्याला रुचेल तेच बोलावं, या अर्थाचं एक विधान होतं. मला पटलं. प्रामाणिकपणा केव्हाही बरा, या अर्थाचंही एक होतं. तेही पटलं. बेरीज ८३. चोरालाच 'किती चोरलंस?' असं विचारण्यातली गंमत मला तेव्हा कळायला हवी होती. पण मी बेरीज पुन्हा तपासण्यात दंग होतो.

त्याच आठवड्यात चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या घरमालकांनी मला वर बोलावलं. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. ८३ गुणांचा माणूस भाडंवाढ मुकाट्याने कशी सोसेल? तो शिबिरातला कागद खिशात घालून मी गेलो. मालकांनी डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, वाफाळती फिल्टर कॉफी पुढे केली आणि नेमका पुण्याहून हिचा फोन आला.

"त्यांच्यासमोरच बसलोय," मी मराठीत खुशाल सांगितलं. "बंगळूरला बदली होतेय अशी थाप मारतो. म्हातारा घाबरेल. रिकामं घर कुणाला परवडतंय?"

"त्यांना कळलं तर?"

"अगं, मद्रासी माणूस. त्याला काय कळतंय?"

म्हातारबुवा कॉफी डबऱ्यात उंचावरून ओतत होते. धार जराही हलली नाही. मी फोन ठेवून इंग्रजीत बदलीची दर्दभरी कहाणी ऐकवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग तमिळ हेलाच्या, जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं, "मग बंगळूरास कधी जाता? डिपॉझिट तयार ठेवतो. म्हातारा घाबरला नाही हो."

त्यांच्या आडनावातलं 'राव' मी वर्षभर तेलुगू समजत होतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरला गेले, तिथे त्यांच्या वंशाची गादी १८५५ पर्यंत चालली, हे शाळेत घोकलं होतं. त्यांच्यामागून गेलेली माणसं अजून घरात मराठी बोलतात आणि त्यांतली काही मैलापुरात घरं भाड्याने देतात, एवढंच पुस्तकात नव्हतं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव याच समाजातले, कुंभकोणमचे. असल्या परंपरेपुढे मी थाप मारायला बसलो होतो.

भाडं सव्वीस हजारांवरून एकोणतीस झालं. मी "थँक यू" म्हणालो. का, ते मला अजून कळलेलं नाही.

शरमेनं घाम पुसायला रुमाल काढला, त्याबरोबर तो कागदही बाहेर आला. मालकांनी तो घेतला, चष्मा लावला आणि आधी उलटा करून पाठीमागचा बारीक मजकूर वाचला.

"यांतली दहा विधानं उलटी मोजायची आहेत," ते म्हणाले. "पाच असेल तिथे एक, चार असेल तिथे दोन. सगळ्याला हो म्हणणारा माणूस पकडायला."

त्यांनी पेन्सिलने नवी बेरीज मांडली. एकसष्ट. म्हणजे कारस्थानी वगैरे काही नाही. नुसता होला हो करणारा.

मग त्यांनाही भरावंसं वाटलं. "हा कागद पाहणार कोण?" एवढं आधी विचारून घेतलं. कुणी नाही म्हटल्यावर झरझर खुणा केल्या. तेवीस.

"साधा माणूस मी," कागद परत देत ते म्हणाले. "पण तुम्ही कागदाची पाठ कधीच बघत नाही का?"

खाली येऊन मी कपाटातून करारनामा काढला आणि उलटला. मागच्या बाजूला माझी सही होती. सहीच्या वर एक कलम होतं: घर सोडताना रंगकामापोटी एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं जाईल.