चिखल सोडून बोला

नवी मुंबईत सध्या कुठेही मान वळवा, एक लांब गुलाबी मान तुमच्याकडे वळलेली दिसते. चौकात रोहित म्हणजेच फ्लेमिंगो, भिंतीवर रोहित, बिल्डरच्या फलकावर तर थवाच. शहर स्वतःला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणवून घेऊ लागल्यापासून हा पक्षी इतका स्थानिक झालाय, की त्याला अजून मालमत्ता कराची नोटीस कशी गेली नाही याचंच आश्चर्य वाटतं.

मला विचाराल तर चौकातला रोहित खऱ्यापेक्षा शंभर पटींनी बरा. बारा महिने गुलाबी. मे महिन्यात गाव सोडून जात नाही. उद्घाटनाच्या दिवशी जागेवर हजर असतो. आणि मुख्य म्हणजे त्याला चिखल लागत नाही.

खऱ्याचं सगळं घोडं तिथेच पेंड खातं. दिसायला राजघराण्यातला, पण पंगत मांडतो चिखलात. तेही डोकं खाली, चोच उलटी. जिभेने पाणी आत ओढायचं, बाहेर ढकलायचं आणि चोचीतल्या चाळणीत अडकलेलं सूक्ष्म शेवाळ गिळायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. पिल्लू जन्मतं राखाडी. तो जगप्रसिद्ध गुलाबी रंग पुढे खाण्यातूनच चढतो. ठाण्याच्या खाडीत हे शेवाळ एवढं माजायला आपल्या सांडपाण्याचाही हातभार लागतो, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे पर्यटनवाढीत सर्वसामान्य नागरिकाने रोज सकाळी न चुकता उचललेला हा वाटा आहे. त्याचं कुणी जाहीर कौतुक करत नाही, ही गोष्ट वेगळी.

चैत्रात या खाडीवर जाऊन पाहावं. 2015 मध्ये ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ऐरोलीच्या केंद्रातून बोट सुटते ती भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, आणि पहिला खटका इथेच उडतो. 'रविवारी अकराची बोट का नाही?' चंद्राचा नाश्त्याशी संबंध असू नये, असं आपल्या लोकांचं ठाम मत आहे. बोटीत पुढच्या बाकावर तोफेएवढी लेन्स घेतलेले एक काका असतातच. अंगात जंगलछाप शर्ट. म्हणजे उघड्या खाडीत, निळ्या बोटीत, नारिंगी लाइफ जॅकेटच्या आत पक्ष्यांना ते अजिबात दिसू नयेत. हजारो रोहित समोर मुकाट्याने जेवत असतात. दोन मिनिटं शांततेत जातात आणि मग मागून आवाज येतो, 'दादा, जरा उडवा ना!'

जेवणाऱ्याला पानावरून उठवू नये, हे आपल्याला आजीने शिकवलेलं. पण आजीला रील काढायचं नव्हतं. आता वसंतात या पक्ष्यांना लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. आपल्या टाळीसरशी उडणारा थवा तीच शिल्लक मोडून उडतो.

त्याच चिखलात चिखले, तुतवार, पाणटिवळे पळापळ करत असतात. यातल्या कित्येकांना थेट सायबेरियाच्या बाजूला जायचंय. पाणटिवळ्याने तर त्यासाठी नवा विटकरी पोशाखही चढवलाय. पण विटकरी म्हणजे गुलाबी नव्हे. त्यामुळे बोटीवरच्या लोकांच्या लेखी तो चिखलातच जमा.

भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि पंगत उठते. मग हे पक्षी सीवूड्स-नेरूळच्या पाणथळ जागांवर येऊन बसतात. ओहोटी लागली की परत खाडीत. हा सरळ हिशेब पक्ष्यांना कळतो. नकाशे रंगवणाऱ्यांना मात्र पाणथळ जागा दिसली की ती रिकामी दिसते. तिथल्याच एका जागेवर गोल्फचं मैदान आणि इमारतींचा बेत होता. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने तो रोखला, पुढे वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. शेजारच्या 30 एकरांच्या तळ्याला पक्ष्यांनी प्रसिद्धी दिली, तरी ते ओळखलं जातं जवळच्या शाळेच्या नावाने. 2024 मध्ये त्यात भरतीचं पाणी येईना, तळं सुकलं आणि रोहित मेल्याच्या बातम्या आल्या. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. फलकावरच्या गुलाबी थव्याच्या मानाने हा मान जरा उशिराच मिळाला.

मे 2024 मध्ये मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला थवा धडकला आणि घाटकोपरमध्ये चाळीसच्या आसपास रोहित मरून पडले. त्यावरही 'हे पक्षी रात्री उडतातच कशाला?' असं विचारणारे भेटले. विमान रात्री का उडतं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

बरं, 'फ्लेमिंगो सिटी' हे नावही आपलं नाही. कच्छच्या मोठ्या रणातल्या वसाहतीला ते फार आधी मिळालं. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1945 मध्येच तिच्यावर लिहिलं होतं. त्या शहरातलं प्रत्येक घर मातीचा उंचवटा, नर-मादीने मिळून चिखलात रचलेला. घरात अंडं बहुधा एकच. ना पार्किंग, ना क्लब हाऊस. ठाण्याच्या खाडीतले रोहित पाऊस तोंडावर आला की गुजरातकडे निघतात ते उगाच नाही. एखादा कारखाना तिकडे गेला की आपल्याकडे विधानसभा डोक्यावर घेतात. हे हजारोंच्या संख्येने दरवर्षी जातात आणि एकही विरोधी पक्षनेता पायऱ्यांवर बसत नाही.

दरम्यान 'फ्लेमिंगो व्ह्यू'चे फ्लॅट विकले जात आहेत. दर चौरस फुटाला, आणि दृश्याचे वेगळे. राहायला आल्यावर महिनाभरात पहिली तक्रार निघते, 'ओहोटीला वास येतो हो!' एखाद्या सोसायटीचा अर्ज आजच टाइप होत असेल, तर त्यात मागण्या बहुधा अशा असतील: तळ्याला कठडा बांधावा, मधोमध कारंजं बसवावं, जॉगिंग ट्रॅकवर झगझगीत दिवे लावावेत, चिखल काढून तळ स्वच्छ फरशीचा करावा. आणि हे सगळं झाल्यावरही पक्षी आले नाहीत, तर संबंधित अधिकाऱ्याला जबाबदार धरावं.