पंचेचाळीस अंशांवरचा दुखवटा

सिनेमात नवरा किंवा बायको गेली की पाऊस पडतो. निदान ढग तरी येतात. मागे बासरी सुरू होते, काचेवरून थेंब ओघळतात आणि मागे राहिलेलं माणूस खिडकीशी उभं राहून बाहेर बघत बसतं. बाहेर बघण्यासारखं काही नसतं, पण छायाचित्रकाराला तिथे उजेड बरा मिळतो. ‘शोले’त (1975) जया भादुरी पांढऱ्या साडीत ओसरीवरचे दिवे मालवत जाते. ‘द लंचबॉक्स’मध्ये (2013) इरफान खान बायकोने टेप करून ठेवलेले ‘ये जो है जिंदगी’चे जुने भाग लावून बसतो. दोन्ही प्रसंग मला फार आवडतात. खटकतं ते एवढंच, की या दुःखी माणसांना घाम येत नाही आणि त्यांच्या दारी कुणी चपला काढत नाही.

आमच्या जळगाव-धुळ्याकडे दोन्ही होतं. मे महिन्यात घरात कुणी गेलं तर पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो, केळीची पानं कडेने करपलेली असतात. दारापुढे कापडी मंडप, त्यात भाड्याचे दोन कूलर, पैकी एकाचा पंप बंद. दारावर येणारी मंडळी शिरपूर, पारोळा, चोपड्याहून गाड्या भरभरून येतात. पुरुष रुमाल डोळ्यांकडे नेतात तेव्हा रडताहेत की घाम टिपताहेत, ते बघणाऱ्याला कळत नाही. कधी कधी त्यांनाही कळत नसावं. आत बायका एकमेकींच्या गळ्यात पडून गेलेल्या बाईचे गुण सुरात सांगतात, तिच्या हातच्या भरतापासून लेकीच्या लग्नापर्यंत. सूर संपला की त्यातलीच एक पदराने नाक पुसून विचारते, “पाणी माठातलं आहे ना? फ्रीजचं नको, घसा धरतो.” तेरा दिवसांत घरधन्याला खिडकीशी एकट्याने उभं राहायला पाच मिनिटं मिळत नाहीत. ही रीत ज्याने घातली त्याला माणसाची चांगली पारख असली पाहिजे, असं मला हल्ली वाटू लागलंय. पूर्वी नुसता वैताग यायचा.

हे सगळं आठवलं ते ‘अजिंठा’मुळे. ना. धों. महानोरांच्या दीर्घकवितेवर नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 मध्ये काढलेला हा चित्रपट. (पुढे 2023 च्या ऑगस्टमध्ये देसाई 2 तारखेला गेले आणि महानोर 3 तारखेला. पटकथेत असं लिहिलं तर निर्माता म्हणेल, जरा जास्तच होतंय.) कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल 1844 मध्ये लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला, तिथे त्याला पारो भेटली, आणि 1856 मध्ये ती गेली. पारो झाली होती सोनाली कुलकर्णी. रीतसर लग्नाची बायको ती नव्हे. पण अजिंठा गावात तिची कबर आहे आणि तिच्यावर त्याने कोरून घेतलेला मजकूर वाचला, की लग्नाचा दाखला मागायची हिंमत होत नाही. त्या दगडावरची तारीख आहे 23 मे.

23 मे! म्हणजे ऐन उन्हाळा. वाघूर नदी आटलेली, डोंगर करड्या रंगाचे, दगडाला हात लावला तर चटका. पावसाला अजून अवकाश. गिलच्या दुःखाला ढगांची सोय नव्हती.

हा चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा मी धुळ्याला, देवपुरात, नात्यातल्या एका जिभाऊंकडे होते. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. त्यांची बायको, आमची जिजी, आदल्या उन्हाळ्यात गेली होती. असा सिनेमा त्यांच्यासमोर लावावा की नाही म्हणून मी रिमोट चाचपत होते, तर तेच म्हणाले, “राहू दे. अजिंठ्याचं आहे ना?” मग गाणी, रंग, डोंगर, नाच, सगळं शांतपणे बघितलं आणि मध्येच विचारलं, “पण हिच्यामागे या साहेबाचा स्वयंपाक कोण करायचं?”

“दाखवलं नाही.”

“तेच तर दाखवायला पाहिजे.”

जिजी गेली त्या सकाळी गच्चीवर बिबडे वाळत होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ज्वारीचं आंबवलेलं पीठ शिजवायचं, त्यात तीळ, लसूण, मिरची, आणि ओल्या धोतरावर पातळ पसरून कडक उन्हात टाकायचं. वाळलं की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं आणि बोटांनी हळूच सोडवायचं. हे सोडवणं वेळेवर झालं नाही तर सगळं फुकट. खाली मंडप पडत होता आणि वर शेजारच्या दोघी रडत रडत बिबडे सोडवत होत्या. डबा भरून त्यांनी तो फडताळात ठेवला, वर झाकण लावलं आणि मग खाली येऊन पुन्हा रीतसर रडल्या. गंधमुक्ती झाली, दुखवट्याचे कपडे झाले, पाहुणे पांगले. जिभाऊंनी पावसाळाभर ते बिबडे तळून खाल्ले. ठेवून नाही दिले. “ठेवले असते तर टोके पडले असते,” म्हणाले. कुठल्याही दिग्दर्शकाने तो डबा शेवटच्या दृश्यापर्यंत जपला असता.

आणि पुढच्या मे महिन्यात या गृहस्थाने स्वतः बिबडे घातले! प्रमाण कुणाला विचारलं नाही, कारण जिजीचं प्रमाण मुठीत होतं आणि यांची मूठ मोठी. पीठ पसरायला स्वतःचं चांगलं धोतर घेतलं. बिबडे झाले ते भाकरीसारखे जाड. तळले तर बाहेरून करपत आणि आत कच्चे राहत. शेजारच्या दोघींना वाटीभर पाठवले. त्यांनी निरोप धाडला, “चव जमली, हात जमला नाही.” जिभाऊ हा निरोप येईल-जाईल त्याला सांगायचे, आणि सांगताना मोठ्याने हसायचे.

बहिणाबाई चौधरींना वैधव्य आलं ते तिशीत. पदरात तीन लेकरं, शिवाय शेत, जातं, चूल. खिडकीशी उभं राहायला सवड कुठली? ज्योतिषाला दारातूनच माघारी पाठवणारी, कुंकू पुसल्यावर उघड्या पडलेल्या कर्माच्या रेघेकडे सरळ बघणारी कविता त्यांनी हातातलं काम न थांबवता केली. त्यांच्या कविता 1961 च्या ‘मानिनी’त गाणी होऊन आल्या आणि घराघरांत गेल्या. कविता उचलणं सोपं. ज्वारी निंदताना, दळताना ती कशी सुचत गेली असेल, ते पडद्यावर आणायचं तर फार फूट फिल्म लागेल आणि घडणार काहीच नाही.

गिलचीही पारोनंतरची वर्षं अशीच बिनसिनेमाची. ती गेल्यावरही तो लेण्यांत नकला करतच राहिला. कॅमेरा हाताळायला शिकला. त्याने काढलेले लेण्यांचे फोटो 1864 मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाले. मग 1866 च्या डिसेंबरात तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि वर्षानुवर्षं खपून केलेली मोठमोठी चित्रं, थोडी सोडली तर, जळून गेली. पुढे 1879 मध्ये तो भुसावळला वारला. कबर तिथेच आहे. पारोनंतर तेवीस वर्षं! प्रेमाला पडद्यावर दोन तास मिळाले, या तेवीस वर्षांना कुणी पाच मिनिटंही देत नाही.

सिनेमा संपल्यावर हे सगळं मी जिभाऊंना सांगितलं. आगीची हकीकत ऐकून ते थोडे सावरून बसले. “सगळं जळलं?”

“बहुतेक सगळं.”

“मग विलायतेला परत गेला असंल.”

“नाही. इकडेच राहिला, शेवटपर्यंत.”

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, “पगार चालू होता का?”