पुढच्या भागाची उधारी

फ्रँचाइझी चित्रपट हा उधारीचा धंदा आहे. तिकिटाचे पैसे रोख घेतले जातात, गोष्ट मात्र अर्धी हातावर ठेवून उरलेली पुढच्या भागात देण्याची बोली होते. समीक्षक या बोलीला उत्कंठा म्हणतात. सुरतेतला मराठी चाहता तिला सरळ ‘बाकी’ म्हणतो, कारण रिंग रोडवरच्या कापड मार्केटात त्याची हयात याच हिशेबात गेलेली असते. तिथे माल आज जातो, पेमेंट काही महिन्यांनी येते, आणि मधल्या काळात ‘शेठ, या आठवड्यात नक्की’ एवढेच ऐकायला मिळते. मार्व्हेलचा पोस्ट-क्रेडिट सीन त्याला नवा वाटत नाही, तो त्यामुळेच.

या चाहत्याचा मुक्काम लिंबायत, उधना, पांडेसरा आणि डिंडोली भागात असतो. मूळ गाव धुळे, नंदुरबार किंवा जळगाव जिल्ह्यात, आणि जाण्यायेण्याची वाट सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाची. तो घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी आणि दुकानात गुजराती बोलतो. पडद्यावर कोणतीही भाषा चालते, हाणामारी समजली म्हणजे झाले. लूमची पाळी बारा तासांची असल्यामुळे रात्रपाळीवाला सकाळी सुटून थेट पहिल्या खेळाला जाऊन बसतो. मध्यंतरापर्यंत तो जागा असतो आणि उरलेल्या भागाबद्दल त्याचे मत अधिक ठाम असते. दुपारपर्यंत हे मत गल्लीभर पोचते. संध्याकाळच्या खेळाला जाणारा शेवट ऐकूनच घराबाहेर पडतो आणि तिकिटाच्या पैशांत निदान भांडण तरी मिळावे म्हणून सोबत दोघांना घेतो.

चाहत्याच्या लेखी फ्रँचाइझींचे पहिले वर्गीकरण फेडीवरून होते. वेळेवर आणि चोख फेडणाऱ्यांत ‘बाहुबली’चा मान पहिला. 10 जुलै 2015 रोजी पहिल्या भागाने कटप्पाच्या तलवारीचा प्रश्न प्रेक्षकाच्या गळ्यात मारला आणि 28 एप्रिल 2017 रोजी दुसऱ्या भागाने तो सोडवला. एकवीस महिने थकलेली रक्कम मुद्दलासकट वसूल झाली, म्हणून बाजारात आजही या पार्टीचे नाव आदराने घेतले जाते. मराठी माणसाच्या अभिमानाची सोयही या व्यवहारात होती. हिंदी बाहुबलीचा आवाज शरद केळकरांचा, तर ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीतला आवाज श्रेयस तळपदेंचा. नायक तेलुगू, बोली हिंदी, गळा मराठी आणि तिकीटखिडकी गुजरातची, अशी ही राष्ट्रीय एकात्मता एका पॉपकॉर्नच्या खर्चात साधली गेली.

‘पुष्पा’ची फेड मात्र लांबली. डिसेंबर 2021 मधला पहिला भाग आणि डिसेंबर 2024 मधला दुसरा यांत तीन वर्षे गेली. दुसरा भाग 200 मिनिटांचा निघाला, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यात आणखी 20 मिनिटे घालून तो पुन्हा लावण्यात आला. हे व्याज असल्याचे चाहत्याने मान्य केले. ते आपल्याच वेळेतून कापले गेले, एवढीच त्याची तक्रार. शेवटी तिसऱ्या भागाचे नाव झळकले, म्हणजे बाकी पुढे ओढली गेली. सुरतेने दरम्यान आपली वसुली वेगळ्या मार्गाने केली होती. पहिला भाग गाजताच इथल्या कापडवाल्यांनी 2022 मध्ये पुष्पाच्या चित्रांच्या साड्या छापल्या. अल्लू अर्जुनचा चेहरा निऱ्यांत दुमडला जाईल की पदरावर पसरेल, हा दिग्दर्शनाचा प्रश्न सुरतेत छपाईवाल्याने सोडवला.

दुसरा वर्ग मोठ्या पेढीचा. 2008 च्या ‘आयर्न मॅन’पासून 2019 च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’पर्यंत मार्व्हेलने 22 चित्रपटांचे खाते सांभाळले आणि शेवटी तीन तासांत सगळ्यांचा हिशेब चुकता केला. नामावली संपेपर्यंत लोक सवयीने बसून राहिले, तर पुढचे दृश्य नव्हतेच. नुसता लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज आला. पहिल्या चिलखताची ती आठवण होती, हे जाणकारांनी डोळे पुसत सांगितले. लूमवाल्या चाहत्याचे मत वेगळे पडले: ‘‘हाई खटखट तं आमना खातामा बारा तास फुकट ऐकाले भेटस.’’ त्यानंतर पेढीने मालिकांचीही दुकाने उघडली. 2022 चा ‘डॉक्टर स्ट्रेंज’ नीट कळायचा तर आधी ‘वांडाव्हिजन’ पाहिलेली असावी लागते, हे थिएटरात शिरल्यावर कळले. चाहत्याला हे बिलाला पुरवण्या जोडल्यासारखे वाटते. आता ज्या नटाचा टोनी स्टार्क डोळ्यांदेखत गेला, तोच रॉबर्ट डाउनी ज्युनियर डॉक्टर डूम म्हणून परतणार आहे. बुडालेली पार्टी नवे नाव घेऊन त्याच मार्केटात दुकान थाटते, हे सुरतेला शिकवावे लागत नाही.

तिसरा वर्ग उठमण्याचा. दुकानाला कुलूप, फोन बंद आणि शेठचा पत्ता नाही, या अवस्थेचे सुरतेतले हे नाव आहे. 2006 च्या ‘फिर हेरा फेरी’च्या शेवटी लाखमोलाच्या जुन्या बंदुका पाण्यात टाकायला निघालेला राजू पुलावर अडकला, फोन वाजत राहिला आणि चित्रपट संपला. तेव्हा शाळेत असलेल्या चाहत्याची मुले आता शाळेत जातात. राजू अजून पुलावरच आहे. तिसऱ्या भागाच्या बातम्या येतात. 2025 मध्ये परेश रावळ बाहेर पडल्याची आणि मग परत आल्याची बातमी आली. बाबूराव गणपतराव आपटे हा अस्सल मराठी माणूस गुजराती नटाने अजरामर केलेला असल्यामुळे या प्रकरणात सुरतेचे दोन्ही भाषक सारखेच हवालदिल झाले. ‘ब्रह्मास्त्र’ने 2022 मध्ये नावातच ‘भाग एक’ लिहिले होते. दुसरा भाग यायचा आहे.

दूरचित्रवाणीवरची उधारी रोजच्या दुधासारखी चालते. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ 28 जुलै 2008 पासून सुरू आहे. दयाबेन 2017 पासून येणार आहे आणि पोपटलालचे लग्न ठरणार आहे. तरी मराठी घरात ही मालिका सुटत नाही, कारण तिच्यात शिकवणी घेणारे, सोसायटीचे सेक्रेटरी भिडे मास्तर आहेत, लोणची-पापड करणारी माधवी आहे आणि समोर जेठालाल आहे. सुरतेतल्या मराठी कुटुंबाला हा विनोद वाटत नाही, शेजारच्या जिन्यावरचे वृत्तांकन वाटते. ‘सीआयडी’चे खाते 1998 चे. वीस वर्षांनी बंद पडलेले हे दुकान डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडले. 2025 च्या एप्रिलमध्ये शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न मारले गेले, वाहिनीने रीतसर शोक जाहीर केला आणि थोड्याच आठवड्यांत साहेब परतले. ज्या घरांत दुखवटा पाळला गेला, तिथे त्याचे काय करायचे हे कोणी सांगितले नाही.

मराठी चित्रपटांचा वर्ग छोटा पण घरचा. सुरतेत त्यांचे खेळ मोजके लागतात, म्हणून चाहता गावी लग्नाला जाताना चित्रपटाची तारीख आधी बघतो. दिग्पाल लांजेकरांच्या ‘शिवराज अष्टका’ची पद्धत त्याला सर्वांत सचोटीची वाटते. आठ हप्ते आधीच जाहीर झालेले. 2018 चा ‘फर्जंद’ पहिला, 2023 चा ‘सुभेदार’ पाचवा. सुरतेत बसून शिवचरित्राचे चित्रपट पाहण्यात एक नाजूक प्रसंगही असतो. या गावावरच्या स्वारीचे दोन भाग 1664 आणि 1670 मध्ये प्रत्यक्ष होऊन गेले आणि 1672 मध्ये चौथाईची मागणीही आली. त्यामुळे घोषणा देताना चाहता शेजारच्या गुजराती मित्राकडे एकदा पाहून घेतो. मित्रही घोषणा देतच असतो; वडिलोपार्जित येणी-देणी कधीच निर्लेखित झालेली असतात.

इतक्या तक्रारींनंतरही प्रत्येक पुढच्या भागाचे पहिले तिकीट हाच चाहता काढतो. ‘मागच्यात दम नव्हता’ असे म्हणत तो रांगेत उभा राहतो, यात विसंगती दिसत असली तरी बाजाराच्या नियमात ती बसते. थकलेल्या पार्टीला नवा माल देणे बंद केले की जुनी बाकी बुडाली म्हणून समजायचे. देत राहिले तर निदान बोलणे चालू राहते. वीस चित्रपट बघून झाल्यावर एकविसावा चुकवणे म्हणजे आधीच्या विसांवर पाणी सोडणे. कोणताही जुना व्यापारी हे करत नाही. तो शिव्या देतो, दलालाला बोल लावतो आणि पुढचा ताका पाठवतो.