सोळा नटांचा धनी

निगडी-प्राधिकरण ते चिंचवड या पट्ट्यात हा माणूस हमखास सापडतो. एखाद्या सोसायटीत नसलाच, तर तिथे अजून लोक राहायला आलेले नाहीत असं समजावं. वय साठीच्या पुढे, खिशात पेन, पेनाला खेटून टायरचं प्रेशर गेज. टेल्कोतून निवृत्त, किंवा टेल्कोला माल पुरवणाऱ्या कुठल्या तरी कंपनीतून. पार्किंगमध्ये एक वॅगन-आर. वॅगन-आरला चार चाकं, चाकाला चार नट, म्हणजे या गृहस्थांच्या मालकीचे एकूण सोळा नट. (स्टेपनीचा हिशेब वेगळा आहे. तो त्यांना विचारू नये.)

हे सोळा नट सुटतात दर दहा हजार किलोमीटरला, चाकांची अदलाबदल करताना. काकांची गाडी भाजी आणते आणि वर्षातून एकदा तुळजापूरला जाते, त्यामुळे तिचे दहा हजार व्हायला बराच काळ जातो. तेवढ्या कामासाठी काकांना इम्पॅक्ट गन घ्यायची आहे. घ्यायची हे नक्की आहे. हवेची की बॅटरीची, एवढंच ठरायचं राहिलंय. ते राहिलंय त्याला आता इतकी वर्षं झाली, की तेव्हा दुकानात नुकत्याच आलेल्या गन आज गॅरेजवाले भंगारात देताहेत.

मुळात काका हवेचे. अख्खी नोकरी असेंब्ली लाइनवर गेली. डोक्यावर स्प्रिंग बॅलन्सरला गन लटकलेल्या, ओढली की खाली येणार, सोडली की आपसूक वर जाणार, आणि शॉपभर तो खटखटाट. एरवी मोजकं बोलणारा हा माणूस हवेच्या गनवर बोलायला लागला की चहा दोनदा गरम करावा लागतो. "नव्वद पीएसआय पाहिजे. कुठे? गनच्या तोंडाशी! टाकीचा काटा नव्वद दाखवतो म्हणून गनला नव्वद मिळतात असं नाही. पाइप लांब आणि बारीक असला की वाटेतच दाब पडतो." यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. आत छोट्या पात्यांची मोटर असते. ती हातोडा फिरवते, हातोडा ऐरणीवर आपटत राहतो, आणि जो नट पान्यावर उभं राहिलं तरी हलत नाही तो मनगटाला फारसा झटका न देता सुटतो. हवेची मोटर अडली तर नुसती थांबते, जळत नाही. सकाळी दोन-चार थेंब तेल पाजलं की दिवसभर तक्रार करत नाही. निवृत्त माणसाला आवडावं असंच वागणं आहे हे.

नातवाबरोबर फॉर्म्युला वन बघतानाही त्यांचं लक्ष गाड्यांकडे नसतं. 2023 साली कतारच्या शर्यतीत मॅक्लारेनच्या लोकांनी 1.80 सेकंदांत चारही चाकं बदलली, तेव्हा काका सोफ्यावरून उठून उभे राहिले. "हवेचीच गन आहे ती, बघ." नातवाने विचारलं, "आजोबा, आपल्याला कुणाला हरवायचंय?"

अडतं ते कॉम्प्रेसरपाशी. गन तीन-चार हजारांत मिळून जाते, पण तिच्यामागे कॉम्प्रेसर येतो. लहान टाकीचा घ्यावा तर एक चाक होईपर्यंत हवा संपते आणि पुढच्या चाकाला गन धापा टाकायला लागते. मोठ्या टाकीचा घ्यावा तर दुसऱ्या मजल्यावर तो चालू केल्या केल्या सेक्रेटरी जिन्यात हजर. शिवाय दाबलेल्या हवेतलं पाणी टाकीत साठतं, पावसाळ्यात जास्तच, आणि ते रोज तळाच्या कॉकने सोडावं लागतं. "कुठे सोडणार?" काकूंनी विचारलं. काकांनी बाल्कनीकडे बोट दाखवलं. खालच्या बाल्कनीत जोशीकाकूंचे पापड वाळत होते. विषय तेवढ्यापुरता मिटला.

मग पाळी बॅटरीची. गुरुवार हा या औद्योगिक पट्ट्याचा सुट्टीचा वार. निवृत्त होऊनही काकांची सुट्टी गुरुवारीच असते. त्या दिवशी ते पुण्यात बोहरी आळीत जातात. तिथल्या दुकानदाराला ते इतके पाठ झालेत की ते पायरी चढताच तो पोऱ्याला खूण करतो, पोरगा स्टूल सरकवतो आणि दुकानदार गिऱ्हाईक नसल्यासारखा गल्ला मोजायला घेतो. काका प्रत्येक गन हातात घेतात, तोलतात, बॅटरी काढून पुन्हा बसवतात. तो 'खट्' आवाज त्यांना आवडतो, पण तसं ते कबूल करत नाहीत.

मात्र काका खरे खुलतात ते फूटपाथवरच्या स्वस्त मालासमोर. खोक्यावर छापलेलं असतं '128 व्हीएफ'. काका विक्रेत्याला शांतपणे विचारतात, "आत सेल किती?" पोरगा गप्प. "पाच. एकाचे 3.6 व्होल्ट. पाच गुणिले 3.6 म्हणजे 18. पूर्ण चार्ज केल्यावर सेल 4.2 ला जातो, मग झाले 21. हे 128 कुठून आणलेस?" पोरगा म्हणतो, "काका, घ्यायची आहे का?" हा प्रश्न काकांना नेहमीच अप्रस्तुत वाटत आला आहे.

टॉर्कचंही तेच. खोक्यावर हजार न्यूटन मीटर असं ठळक लिहिलेलं असतं. तो आकडा नट सोडवण्याचा, आवळण्याचा त्याहून कमी, हे बारीक अक्षरात. वॅगन-आरच्या नटाला शंभरच्या आसपास पुरतात. पण काकांचं गणित वेगळं. "राखीव ताकद असावी," असं ते म्हणतात. कशासाठी, ते पुढे येईल तेव्हा बघू.

भोसरीच्या ज्या गॅरेजात काका बसायला जातात, त्या मिस्त्रीकडे दोन्ही गन आहेत. जॅकवर गाडी असली की हवेची, कारण कॉम्प्रेसर दिवसभर चालूच असतो. हायवेवर कुणाची गाडी बंद पडली की बॅटरीची स्कूटरच्या डिकीत टाकून पोरगा पळतो. काकांनी त्याला तत्त्वाचा प्रश्न विचारला, "पण तू स्वतः कोणत्या बाजूचा?" मिस्त्री म्हणाला, "काका, जी हप्त्याने मिळेल त्या बाजूचा."

माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. दिवसभर नट सोडणाऱ्याने हवेची ठेवावी, घरच्या माणसाने बॅटरीची घ्यावी, आणि सोळा नटांच्या धन्याने डिकीतला एल पाना काढावा. पण काकांचं एक म्हणणं मी डोळे झाकून मानतो. गन कुठलीही असो, नट आधी बोटांनी दोन-चार आटे बसवायचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचनेच द्यायचा. टायरच्या दुकानात पोरगा गन लावून नट घट्ट होईपर्यंत खडखडवतो, तेव्हा काका डोळे मिटून घेतात. पुढे कधी भर रस्त्यात ते चाक काढायची वेळ येते तेव्हा कळतं, ते का मिटतात.

यंदा दिवाळीला नाशिकच्या मुलीने निर्णय परस्पर घेऊन टाकला. बॅटरीची गन, ब्रशलेस मोटर, दोन बॅटऱ्या, चार्जर, सगळं पेटीत. काकांनी पेटी उघडली, पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, बॅटरी चार्ज केली, हिरवा दिवा लागला. काकू म्हणाल्या, "चला, आता तरी एक चाक खोला." काका खाली गेले, गाडीभोवती फेरी मारून वर आले. घरातले चकचकीत सॉकेट गनला लावायचे नसतात, आपटून आपटून तडकू शकतात. गनला काळे, क्रोम-मॉलिब्डेनमचे सॉकेट लागतात.

गुरुवारी ते बोहरी आळीत गेले. काळा सॉकेट, १९ चा. दुकानदाराने काउंटरवर दोन काढून ठेवले, एक आखूड, एक लांब, आणि आत हाक मारली, "अरे, काकांना आज स्टूल नको, खुर्ची आण."